क्रेटरच्या लढाईचा हिरो नंतर ‘तिथे नव्हताच’ कसा ठरला? (जनरल विल्यम महोन)

खडीवाला

मुलाकडे व्हर्जिनियात येऊन दोन महिने झाले. रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रूळ दिसले की थांबायची सवय काही जात नाही. बायको म्हणते, देवळासमोरही एवढा वेळ उभे राहत नाहीत. नॉरफोकहून पीटर्सबर्गकडे ४६० नंबरचा रस्ता जातो आणि बरंच अंतर रेल्वे त्याच्या अंगाअंगाने चालते. कोळशाच्या मालगाड्या. एकदा डबे मोजायला घेतले आणि शंभरीनंतर नाद सोडला.

या लाइनीची दोन वैशिष्ट्यं. पहिलं म्हणजे सफोक ते पीटर्सबर्ग ५२ मैल सरळसोट रूळ. वळण म्हणून नाही. दुसरं त्याहून भारी. नॉरफोकजवळ ही लाइन ‘ग्रेट डिस्मल स्वॉम्प’ नावाच्या दलदलीतून जाते. खाली भिजलेल्या स्पंजासारखी कुजट माती, टाकाल तेवढा भराव गिळणारी. आपल्याकडे काळ्या मातीत भराव बसतो म्हणून रडणारे आम्ही, इथे तर जमीनच नाही. १८५० च्या दशकात एका पोरसवदा इंजिनिअरने त्यावर तोड काढली. दलदलीतल्याच झाडांचे ओंडके आडवे-उभे थर देऊन अंथरले आणि त्या चटईवर भराव टाकला. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं की त्याला हवा लागत नाही आणि ते सडत नाही. लाइन १८५८ ला पूर्ण झाली. कोळसा अजून त्याच पायावरून जातो.

इंजिनिअर कोण म्हणून शोधायला गेलो आणि भलत्याच गोष्टीत अडकलो. त्याचं नाव विल्यम महोन. जन्म १ डिसेंबर १८२६, साउथॅम्प्टन काउंटी. नॅट टर्नरचं नाव ऐकलं असेल. १८३१ साली गुलामांनी केलेला तो उठाव याच काउंटीतला. पन्नासहून जास्त गोरे मारले गेले, नंतर सूड म्हणून किती कृष्णवर्णीय मारले याला हिशेब नाही. तेव्हा महोन चार वर्षांचा होता. टर्नरला जेरुसलेम नावाच्या गावी फाशी दिलं. पुढे महोनच्या बापाने त्याच गावात खाणावळ-कम-दारूचा गुत्ता चालवला.

मुलगा शिकला व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये, सरकारी खर्चाने. १८४७ ला बाहेर पडला, थोडी मास्तरकी केली, मग रेल्वे. १८६० मध्ये नॉरफोक-पीटर्सबर्ग रेल्वेचा अध्यक्ष. वय तेहतीस. त्याच वर्षीच्या जनगणनेत त्याच्या नावावर सात गुलाम आहेत. आणि दलदलीत ओंडके कोणी वाहिले याचा उल्लेख इथल्या पाट्यांवर सापडत नाही. त्या काळी व्हर्जिनियात रेल्वेच्या असल्या कामांना मालकांकडून गुलाम भाड्याने घेत.

१८६१ ला अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं, गुलामी राखू पाहणारी दक्षिण विरुद्ध उत्तर, आणि महोन दक्षिणेच्या सैन्यात गेला. माणूस दिसायला? पाच फूट पाच इंच, वजन पंचेचाळीस-पन्नास किलोच्या आसपास, आवाज चिरका, दाढी छातीपर्यंत. सैनिक त्याला ‘लिटल बिली’ म्हणत. पोटाचं दुखणं जन्माला चिकटलेलं, म्हणून मोहिमेवर सोबत दुभती गाय आणि कोंबड्या. १८६२ मध्ये मनॅससच्या दुसऱ्या लढाईत गोळी लागली. बायकोला कळवलं, घाबरू नका, नुसती मांसाला जखम आहे. यावर ओटिलियाबाई म्हणाल्या म्हणे, मग गंभीरच असणार, त्यांच्या अंगावर मांस आहे कुठे! किस्सा नंतर रंगवलेला असेल, पण दोघांचा स्वभाव त्यात दिसतो.

त्याची ख्याती झाली ३० जुलै १८६४ ला. पीटर्सबर्गला वेढा पडला होता. उत्तरेच्या सैन्यात पेनसिल्व्हेनियाचे कोळसा खाणकामगार होते, त्यांनी ५११ फूट बोगदा खणून दक्षिणेच्या तटाखाली आठ हजार पौंड दारू ठासली. पहाटे ४:४४ ला बत्ती. जमिनीला साधारण १७० फूट लांब, तीस फूट खोल खड्डा पडला. तोच ‘क्रेटर’. उत्तरेचे सैनिक खड्ड्याच्या कडेने जायचं सोडून खड्ड्यातच उतरले आणि चढता येईना. महोन दोन ब्रिगेड घेऊन ओढ्याच्या आडोशाने आला आणि प्रतिहल्ला चढवला. दुपारपर्यंत खेळ खलास. उत्तरेची हानी ३८०० च्या घरात. महोन मेजर जनरल झाला आणि शेवटपर्यंत, म्हणजे १८६५ च्या ॲपोमॅटॉक्सच्या शरणागतीपर्यंत, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्यासोबत राहिला.

इथवर दक्षिणेच्या कुठल्याही जनरलची पोथी असते तशीच. मजा पुढे आहे. हाच माणूस १८८१ साली कृष्णवर्णीयांच्या मतांवर व्हर्जिनियाचा सर्वेसर्वा होता. मग गावोगाव, वर्तमानपत्रांतून, माजी सैनिकांच्या मेळाव्यांतून हळूहळू अशी कुजबुज सुरू झाली की क्रेटरला हल्ल्याचा हुकूम महोनने दिलाच नव्हता. ब्रिगेडियर वायझिगरने दिला. महोन तर मागे कुठेतरी होता. आणि हे सांगण्यात पुढे कोण, तर स्वतः वायझिगर, महोनच्याच हाताखालचा!

सोळा-सतरा वर्षं सगळे मान्य करत होते ते एकाएकी खोटं कसं झालं? जाणकारांनी लिहावं. त्याच्या राजकारणामागची व्हर्जिनिया राज्याच्या कर्जाची भानगड मला अजून नीट उलगडलेली नाही, तीही कोणी सोडवून सांगावी.

---

चहाबाज

ओंडक्यांचं वाचून थक्क झालो. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता दर पावसाळ्यात खचतो, या महोनला पाठवा कोणीतरी.

गाय सोबत घेऊन लढाईला जाणारा जनरल मला मनापासून आवडला आहे.

---

ट्रेझरीतला_कारकून

काका, कर्जाचं मी सांगतो. आयुष्य बिलं आणि चलनं पास करण्यात गेलं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

युद्धाआधी व्हर्जिनियाने कालवे आणि रेल्वे बांधायला भरमसाट कर्ज उभारलं होतं. रेल्वे कंपनी निघाली की साधारण तीन पंचमांश भांडवल राज्य घालायचं आणि त्यासाठी रोखे विकायचं. मुद्दल तीन कोटी डॉलरच्या पुढे. मग युद्ध आलं, व्याज थकलं, शेती उजाड झाली, गुलामांच्या रूपातली मालकांची ‘मालमत्ता’ गेली आणि राज्याचा पश्चिमेकडचा तुकडा फुटून वेस्ट व्हर्जिनिया झाला. १८७० पर्यंत बोजा साडेचार कोटींच्या आसपास.

१८७१ मध्ये विधिमंडळाने ‘फंडिंग ॲक्ट’ केला. एक तृतीयांश वेस्ट व्हर्जिनियाच्या माथी आणि उरलेल्याचे नवे रोखे, सहा टक्के व्याजाने. खरी गोम पुढे आहे. रोख्याला व्याजाची कुपनं जोडलेली, आणि ती कुपनं कर भरताना रोख रकमेऐवजी चालतील अशी हमी कायद्यातच लिहिली.

म्हणजे बघा. समजा तुम्हाला दहा डॉलर कर भरायचा आहे. दलाल तुम्हाला दहाचं कुपन आठला विकतो. तुमचे दोन वाचले, दलालाचं सुटलं, रोखेवाल्याला पैसे मिळाले. तिजोरीत काय आलं? कागद. वर्षअखेरीला मास्तरांचे पगार कुपनात देता येत नाहीत. हिशेबाच्या वहीत वसुली झकास आणि पेटी रिकामी, अशी स्थिती. मी खात्यात असतो तर रजेवर गेलो असतो.

सार्वजनिक शाळा व्हर्जिनियात नुकत्याच, १८६९ च्या राज्यघटनेने आल्या होत्या. त्यांचा पैसा व्याजाकडे वळू लागला आणि १८७० च्या दशकाच्या शेवटी शाळा धडाधड बंद झाल्या. ‘राज्याची इज्जत’ म्हणून पै न पै फेडा म्हणणारे ते फंडर. ‘आधी शाळा, मग सावकार, कर्जाची फेरमांडणी करा’ म्हणणारे ते रीॲडजस्टर. पैसा उभा करायला फंडरांच्या काळात दारूच्या प्रत्येक पेल्यावर कर बसवला होता. गुत्त्यात एक यंत्र ठेवायचं, पेला दिला की मालकाने दांडा फिरवायचा, घंटी वाजायची आणि सरकारी नोंद व्हायची. मॉफेट कायदा, १८७७. पिणाऱ्यांच्या घंटीवर राज्याची इज्जत!

१८७९ च्या फेब्रुवारीत रिचमंडला रीॲडजस्टर पक्ष निघाला. नेता महोन.

---

साशंक

वरचा प्रतिसाद उत्तम. पण एक गोष्ट कोणी लिहीत नाहीये. ते कर्ज झालं कशामुळे? रेल्वेमुळे. रेल्वे बांधून मोठा कोण झाला? महोन. युद्धानंतर तीन रेल्वे कंपन्या गिळून १८७० मध्ये ‘अटलांटिक, मिसिसिपी अँड ओहायो’ काढली. आद्याक्षरं ए, एम, ओ. लोक म्हणायचे, ‘ऑल माइन अँड ओटिलियाज’, म्हणजे सगळं माझं आणि बायकोचं. आणि ही विलीनीकरणं मंजूर करून घेताना महोन ज्यांच्या गोटात होता त्यांनीच फंडिंग ॲक्ट आणला. तेव्हा याला शाळा आठवल्या नाहीत.

१८७३ ची मंदी आली, कंपनीचं व्याज थकलं, १८७६ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर बसवला. महोनच्या हातून रेल्वे गेली. १८७७ ला गव्हर्नरपदाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. आणि मग साहेबांना गरिबांचा कळवळा आला. सगळ्या घटना ओळीने मांडा, आपोआप कळतं.

---

रिचमंडची_कैरी

साशंक, ओळ बरोबर आहे, पण तुम्ही लवकर थांबलात. पुढची चार वर्षं पण मांडा ना.

१८७९ मध्ये रीॲडजस्टरांनी विधिमंडळाची दोन्ही सभागृहं जिंकली. १८८१ मध्ये गव्हर्नरही त्यांचा, विल्यम कॅमेरॉन. १८८२ च्या रिडलबर्गर कायद्याने कर्ज दोन कोटी दहा लाखांच्या आसपास आणलं आणि व्याज तीन टक्के. शाळा पुन्हा उघडल्या, मुलांची संख्या दुपटीच्या घरात गेली, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक नेमले जाऊ लागले. मतदानासाठी भरावा लागणारा डोईपट्टीचा कर रद्द. आणि ‘व्हिपिंग पोस्ट’ रद्द.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, नाहीये. किरकोळ चोरीला भर चौकात खांबाला बांधून फटके मारायची शिक्षा होती. गुलामी संपली तरी फटके चालूच, आणि खांबाला कोण बांधलं जायचं हे सांगायला नको. वर फटके खाल्लेल्या माणसाचा मताधिकारही जायचा. एका कोंबडीच्या चोरीत पाठही सोलायची आणि मतही काढायचं. तो खांबच उपटला.

पीटर्सबर्गला कृष्णवर्णीयांसाठी सरकारी कॉलेज याच १८८२ सालचं, आजची व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटी. आणि साशंक, तुमच्यासाठी खास : महोनची ती रेल्वे १८८१ ला लिलावात गेली आणि नॉरफोक अँड वेस्टर्न झाली. त्यात राज्याचा जो हिस्सा होता त्याचे पैसे शाळांकडे आणि या कॉलेजकडे वळवले. ‘सगळं माझं आणि बायकोचं’चा हा शेवट.

---

वऱ्हाडी_ठेचा

धागा वाचून आमचा कापूस आठवला भाऊ. हे युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेचा कापूस विलायतेत पोचेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरबाजी, बॅकबे भरून काढायच्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद. १८६५ ला ली शरण गेला, भाव आपटला आणि मुंबई रस्त्यावर आली. शेतकऱ्यानं तेजीत काढलेलं सावकाराचं कर्ज मात्र तसंच. त्याचा एक धागा सरळ १८७५ च्या सुप्याच्या दंग्यापर्यंत जातो. लोकांनी सावकाराला मारण्यापेक्षा त्याचे दस्त हुडकून जाळले. आणि आपला दख्खन शेतकरी कायदा १८७९ चा. तिकडं रीॲडजस्टर पक्ष निघाला तेच साल.

अवांतर आहे, माहीत आहे. पण कागद जाळणारे सुप्याचे आणि कागद नाकारणारे व्हर्जिनियाचे, त्याच युद्धाची झळ बसलेले.

---

ट्रेझरीतला_कारकून

@वऱ्हाडी_ठेचा, अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. फरक एवढाच की सुप्याच्या माणसाला मत नव्हतं.

---

पांढरी_कोल्हापुरी

माझा प्रश्न सरळ आहे. क्रेटरच्या लढाईत उत्तरेकडून कृष्णवर्णीय पलटणी होत्या. त्यातल्या शस्त्र खाली ठेवलेल्यांनाही संगिनींनी भोसकलं, हे खुद्द मारणाऱ्यांनी घरी पत्रं लिहून कळवलेलं आहे. आणि हे महोनच्या हाताखालच्या लोकांनी केलं. मूळ लेखात ‘खेळ खलास’ एवढ्यावर भागवलंय. खडीवाला काका, राग मानू नका, पण तो खेळ नव्हता.

मग सतरा वर्षांनी पीटर्सबर्गच्याच कृष्णवर्णीय मतदारांनी याला मत का दिलं?

---

खडीवाला

राग कसला. चूक आहे माझी. लढाईची वर्णनं वाचताना त्यांची भाषा अंगात येते. मूळ लेख बदलत नाही, म्हणजे तुमचा प्रतिसाद निराधार दिसणार नाही.

---

रिचमंडची_कैरी

@पांढरी_कोल्हापुरी, कारण त्यांनी विसरून नव्हे, हिशेब करून मत दिलं. १८८१ च्या मार्चमध्ये पीटर्सबर्गला कृष्णवर्णीय रिपब्लिकनांची (गुलामी संपवणाऱ्या लिंकनचा तो पक्ष) परिषद झाली आणि तिथे रीॲडजस्टरांशी युती ठरली. स्वतःचा पक्ष राज्यात जिंकत नव्हता, आणि समोर दोन गोरे गट आपसात भांडत होते. एकाला त्यांची मतं हवी होती. त्यांनी किंमत सांगितली : शाळा, शिक्षक, खांब, डोईपट्टी, सरकारी नोकऱ्या. बरीचशी वसूल केली. महोन त्यांना वापरत होता हे आपण फार लिहितो, ते महोनला वापरत होते हे कमी.

---

साशंक

हे मान्य. याबाबतीत ते महोनपेक्षा सरस राजकारणी.

पण वॉशिंग्टनचं पण येऊ द्या. विधिमंडळाने महोनला सिनेटवर पाठवलं (तेव्हा सिनेटर लोक निवडत नसत, विधिमंडळ निवडे). मार्च १८८१ ला गेला तर तिथे ७६ जागा : ३७ रिपब्लिकन, ३७ डेमोक्रॅट, डेमोक्रॅटांकडे झुकलेला एक अपक्ष आणि हा. हा डेमोक्रॅटांकडे गेला तर बहुमत त्यांचं. रिपब्लिकनांकडे गेला तर ३८-३८ आणि उपाध्यक्ष आर्थर यांचं मत निर्णायक. अख्खं सभागृह पंचेचाळीस किलोच्या माणसाकडे टक लावून. जॉर्जियाचे सिनेटर हिल यांनी भर सभागृहात डिवचलं, कोण तो डेमोक्रॅट जो दगा देणार आहे? महोन उठला आणि म्हणाला त्याचा मथितार्थ असा, की मी इथे डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेलोच नाही, रीॲडजस्टर म्हणून आलोय. आणि रिपब्लिकनांसोबत मत दिलं. अध्यक्ष गारफिल्ड यांच्याकडून फुलं आली त्याच्या बाकावर.

फुलांखाली काय होतं? पहिल्याच टर्मला शेती समितीचं अध्यक्षपद. आणि व्हर्जिनियातल्या केंद्राच्या नोकऱ्या वाटायचा मक्ता : पोस्ट, जकात, नॉरफोकची गोदी. ज्याला नोकरी त्याने पगारातून पक्षाला वर्गणी द्यायची. आमदारांकडून लेखी शपथ घेतली की पक्षाची बैठक ठरवील तसंच मत देऊ, म्हणजे महोन ठरवील तसं. १८८२ मध्ये त्याच्याच चार राज्य-सिनेटरांनी ही मनमानी नको म्हणून बंड केलं. पक्षाचा सहसंस्थापक जॉन मॅसी, धर्मोपदेशक माणूस, तोही फुटला.

---

चहाबाज

शपथपत्र, फुटलेले आमदार, महामंडळं, नाराज सहसंस्थापक… मी काहीही बोललेलो नाही, याची संपादकांनी नोंद घ्यावी.

---

संपादक

नोंद घेतली. आजचं राजकारण आणल्यास प्रतिसाद उडेल.

---

रिचमंडची_कैरी

डॅनव्हिलबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, तर मीच लिहिते, कारण सगळं तिथे फिरलं.

डॅनव्हिल म्हणजे राज्याच्या दक्षिण टोकाचं तंबाखूचं गाव. रीॲडजस्टर राजवटीत तिथे कृष्णवर्णीय नगरसेवक झाले, पोलिसात काही जण आले, मंडईतले गाळे त्यांना भाड्याने मिळाले. ऑक्टोबर १८८३ मध्ये गावातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी सह्या करून एक पत्रक काढलं आणि ते राज्यभर, मुख्यतः पश्चिमेच्या डोंगराळ गोऱ्या भागात, वाटलं. आमच्या गावात बघा काय चाललंय, असा सूर. त्या पत्रकात कर्जाच्या दराचं रडगाणं मागे आणि गाळे पुढे. मंडईत आपल्या शेजारच्या गाळ्यात कोण भाजी विकतंय, यावर राज्याची निवडणूक.

३ नोव्हेंबर, शनिवार. मंगळवारी मतदान. फूटपाथवर एका गोऱ्याचा आणि एका कृष्णवर्णीय माणसाचा धक्का लागला. रस्ता कोणी कोणाला द्यायचा, एवढंच. शब्दाला शब्द, मग गर्दी, मग गोऱ्यांच्या बाजूने गोळीबार. किमान पाच मेले, त्यातले चार कृष्णवर्णीय. रविवारी-सोमवारी तारा आणि वर्तमानपत्रांतून बातमी फिरली ती ‘काळ्यांचा दंगा’ म्हणून. डॅनव्हिलचे कृष्णवर्णीय मतदार मंगळवारी जिवाच्या भीतीने घरात बसले. डेमोक्रॅटांनी (जुने फंडर आता याच पक्षात) विधिमंडळ जिंकलं.

आणि जिंकल्यावर त्यांनी काय केलं माहितेय? रिडलबर्गर कायदा तसाच ठेवला. कर्जाचा प्रश्न संपला म्हणून जाहीर केलं. ज्या ‘इज्जती’साठी चार वर्षं बोंबलत होते ती गुंडाळून ठेवली. निवडणूक-अधिकारी नेमायचा कायदा मात्र लगेच पुढच्या वर्षी आपल्या सोयीचा करून घेतला.

---

साशंक

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. म्हणजे कर्जफेड हा मुद्दाच नव्हता तर.

---

ट्रेझरीतला_कारकून

मुद्दा होता हो, शेवटचा मुद्दा नव्हता. कुपनवाले सुप्रीम कोर्टात गेले, १८८५ मध्ये जिंकलेही. नवी तडजोड १८९२ मध्ये झाली. वेस्ट व्हर्जिनियाच्या वाट्याचा खटला १९१५ ला निकाली निघाला आणि शेवटचा पैसा फिटला १९३९ मध्ये. महोनला जाऊन तेव्हा ४४ वर्षं झालेली. फाइल कधीच मरत नाही.

---

पांढरी_कोल्हापुरी

आणि महोनचं पुढे काय?

---

साशंक

हे मी लिहितो, कारण यात माझी बाजू आहे :)

१८८४ मध्ये उघडपणे रिपब्लिकन झाला. १८८५ ला त्याच्या पक्षाचा उमेदवार फिट्झह्यू लीकडून हरला. फिट्झह्यू म्हणजे रॉबर्ट लीचा पुतण्या, तोही माजी जनरल, काकांचं खोगीर घेऊन प्रचाराला फिरायचा म्हणतात. सिनेटची जागा १८८७ ला गेली.

मग १८८८. जॉन मर्सर लँगस्टन, पीटर्सबर्गच्या त्याच कॉलेजचे माजी अध्यक्ष, वकील, कृष्णवर्णीय, संसदेसाठी उभे राहिले. मतदारसंघ पीटर्सबर्गचा, कृष्णवर्णीय बहुसंख्य. महोनने काय केलं? पाठिंबा नाकारला आणि आपला गोरा उमेदवार उभा केला. मतं फुटली, डेमोक्रॅट विजयी घोषित. लँगस्टन यांनी संसदेत दाद मागितली, दीड-एक वर्ष झगडले आणि सप्टेंबर १८९० मध्ये जागा मिळवली. मुदतीतले जेमतेम सहा महिने उरले होते. व्हर्जिनियातून संसदेत गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या आड उभा राहिलेला माणूस महोन.

मतं चालतात, उमेदवार चालत नाही. म्हणून मी त्याला सुधारक म्हणत नाही.

---

रिचमंडची_कैरी

इथे माझ्याकडे उत्तर नाही. लँगस्टन प्रकरणाला बचाव नाहीच.

फक्त इतरांशी ताडून बघा. जॉन गॉर्डन, जॉर्जियाचा जनरल : सिनेटर, गव्हर्नर, गोऱ्यांच्या दहशतवादी कू क्लक्स क्लॅनशी नाव जोडलेलं. वेड हॅम्प्टन, साउथ कॅरोलायना : १८७६ ला लाल सदरेवाल्या बंदूकधाऱ्यांच्या दहशतीवर गव्हर्नर. दोघांनाही पुतळे, घोड्यावर बसलेले. लाँगस्ट्रीट, लीचा उजवा हात : रिपब्लिकन झाला, १८७४ ला न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यात कृष्णवर्णीय शिपायांसोबत गोऱ्या बंडखोरांसमोर उभा राहिला. मग गेटिसबर्गच्या पराभवाचं सगळं खापर त्याच्यावर, आणि तिथे त्याचा पुतळा यायला १९९८ उजाडलं. महोनचं क्रेटर आणि लाँगस्ट्रीटचं गेटिसबर्ग, एकच कारखाना. युद्धात कोण काय होता हे युद्धानंतरच्या मतदानावरून ठरलं.

इथे रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर ली, स्टुअर्ट, डेव्हिस, जॅक्सन, दक्षिणेच्या या सगळ्या पुढाऱ्यांचे पुतळे होते. लीचा पुतळा ८ सप्टेंबर २०२१ ला उतरवला, आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो बघायला. क्रेनच्या पट्ट्यात लटकणारा घोडा बघून ती म्हणाली, आई, त्याला दुखत असेल. महोन त्या रांगेत कधीच नव्हता, त्यामुळे त्याला उतरवायची वेळही आली नाही.

---

खडीवाला

धागा काढला तेव्हा दोन-तीन प्रतिसाद येतील वाटलं होतं. कालच पीटर्सबर्गला जाऊन आलो, ते लिहितो.

आधी क्रेटर. खड्डा अजून आहे, पण भरत आलेला, गवत उगवलेलं. बाजूला महोनच्या नावाचा दगडी स्तंभ आहे आणि त्यावरून तो १९२७ सालचा दिसतो. मी हिशेब लावला. महोन ८ ऑक्टोबर १८९५ ला वॉशिंग्टनमध्ये वारला. १९०२ च्या नव्या राज्यघटनेने व्हर्जिनियातले कृष्णवर्णीय मतदार जवळपास पुसून टाकले, डोईपट्टी परत आली. १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये याच मैदानावर महोनच्या म्हाताऱ्या सैनिकांनी क्रेटरच्या लढाईचा प्रयोग करून दाखवला, हजारो लोक जमले. आता महोनची भीती उरली नव्हती ना. मतदार नाहीत, पक्ष नाही. मग तो परत लढाईत हजर झाला. वायझिगरचं म्हणणं कोणाला आठवेना.

सूनबाई सोबत होती, तिला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, म्हणजे जिंकलेल्यांनी त्याला परत नोकरीवर घेतलं.

तिथून ब्लँडफर्ड दफनभूमी. महोन कुटुंबाची दगडी समाधी आहे, छोट्या देवळाएवढी. मी नाव शोधत दोनदा चक्कर मारली. पुढच्या बाजूला एक ढाल कोरलेली, ढालीत चांदणी आणि चांदणीत एकच अक्षर, एम. बस.

मी म्हटलं, एवढा मोठा माणूस, नाव तरी लिहायचं. सून म्हणाली, एके काळी इथल्या प्रत्येक पोस्टमास्तरला ठाऊक होतं एम म्हणजे कोण.

येताना वेव्हर्लीजवळ फाटक पडलेलं. ओटिलियाबाईंनी या लाइनीवरच्या स्टेशनांना वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतून नावं दिली अशी इथे कथा सांगतात, त्यातलंच हे एक. कोळशाची गाडी आली. सून मोबाइलमध्ये होती, मी डबे मोजले. एकशे बारा.